खड्याच्या पेटीतला झेंडू

आयुष्यभर मी किडे शिकवले आणि आयुष्यभर लोकांनी मला एकच विचारलं, मारायचे कसे? लग्नाच्या पंगतीत विचारलं, बँकेच्या रांगेत विचारलं, एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझा जबडा उघडा ठेवून विचारलं. "मॅडम, तुम्ही किड्यांच्या ना? मग झुरळांना काय टाकू?" डॉक्टरला कुणी विचारत नाही की माणूस मारायचा कसा. मला मात्र सगळ्यांनी फुकटचं औषधाचं दुकान समजलं. पहिली काही वर्षं मी हसून काहीतरी सांगायची. नंतर सरळ म्हणायला लागले, चप्पल आहे ना पायात?

सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. माहेर उंब्रजचं. ऊस, आणि घरटी एक माणूस मिलिटरीत. आमच्या घरी किडा म्हणजे हुमणी, उसाच्या मुळ्या कुरतडणारी ती पांढरी, जाड, वाकडी झालेली अळी. वडील फौजेतनं रिटायर होऊन आले ते थेट हुमणीशी लढायला लागले. मी एमएस्सीला कीटकशास्त्र घेतलं तेव्हा म्हणाले, "चांगलं केलंस. कुठलं औषध मारायचं ते तरी कळंल." मी त्यांना समजावलं, ही अळी जमिनीत वर्षभर राहते, तिचे भुंगेरे वळवानंतर संध्याकाळी वर येतात, बाभळीवर, कडुलिंबावर बसतात, तिथंच त्यांची लग्नं लागतात आणि मादी परत जमिनीत जाऊन अंडी घालते. तेवढ्या संध्याकाळी सगळ्या गावानं झाडं हलवून भुंगेरे वेचले तर औषध लागायचं नाही. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळं गाव? गाव कवा एक झालंय?" 

कॉलेजात मी एक पद्धत घातली होती. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकानं आपल्या गावचे किडे गोळा करून आणायचे. विकत आणलेले नकोत, दुसऱ्याचे उसने नकोत. टाचणीला लावायचे आणि टाचणीखाली कागदाच्या चिटोऱ्यावर तीन गोष्टी लिहायच्या, कुठं सापडला, कधी सापडला, कुणी पकडला. नाव नाही आलं तरी चालेल, ते मी बघीन. पण ही तीन नसतील तर तो किडा म्हणजे केराच्या टोपलीतला कचरा. पोरं पहिल्या वर्षी कुरकुरायची. मग त्यांना गोडी लागायची. कुणी कृष्णाकाठचे चतुर आणले, कुणी कोयनेकडचं हाताच्या पंजाएवढं पतंगाचं पाखरू आणलं, कुणी शेणाचा गोळा ढकलत नेणारा भुंगेरा गोळ्यासकट आणला. दरवर्षी एकजण तरी पावसाच्या सुरुवातीला धरून जपून ठेवलेला मृगाचा किडा आणायचा, तो लाल मखमलीचा. मी त्याला सगळ्या वर्गापुढं पाय मोजायला लावायची. आठ भरले की म्हणायची, हा किडा नाही बाळा, कोळ्याच्या नात्यातला आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याला किडा म्हणतात म्हणून त्याचे दोन पाय गळून पडत नाहीत.

असं करत करत एक मोठं लाकडी कपाट भरलं. दोन जिल्ह्यांतले किडे. उसाचे वेगळे, द्राक्षाचे वेगळे, घाटातले वेगळे, जिरायती माळावरचे वेगळे. मुंग्यांसारखी दिसणारी माशी, गांधीलमाशीचा वेष घेतलेलं पाखरू, काटकी वाटावी असा काटकीकिडा. पृथ्वीवर प्राण्यांच्या जेवढ्या जाती माणसानं नाव देऊन ठेवल्यात त्यांत सगळ्यांत जास्त किडेच आहेत, आणि नाव न दिलेले त्याहून जास्त. हे मी दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी मागच्या बाकावरनं कुणीतरी जांभई द्यायचं.

एका दिवाळीनंतर कवठे महांकाळ तालुक्यातली एक मुलगी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत एक नाकतोडा घेऊन आली. तिचं घराणं मेंढरांमागं फिरणारं, धनगरांचं. शिकायला बाहेर पडलेली घरातली ही पहिलीच पोरगी. वर्गात फारशी बोलायची नाही. डबी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "मॅडम, याला आमच्यात खडा म्हणत्यात. हलला न्हाई तर खडाच हाय तो."

खरंच खडा होता. मुरमाच्या रंगाचा, अंगावर बारीक फोडांसारखा खडबडीतपणा, आणि पंख नाहीत. वाढायचे राहिलेत असंही नाही, पूर्ण वाढलेली मादी होती, पण पंख नाहीतच. नाकतोड्याला कान असतात ते डोक्यावर नाही, पोटाच्या बाजूला. याला तेही जवळजवळ नव्हते. ज्याला उडायचं नाही आणि गायचंही नाही त्याला कान तरी कशाला हवेत? मी भिंगाखाली बघत राहिले, पुस्तकं काढली, जुने संदर्भ काढले. कुठंच बसेना. नाकतोड्यांत जात ठरवायला नर लागतो, त्याच्या शेपटीकडचे भाग तपासावे लागतात. मी मुलीला म्हटलं, नर पाहिजे. ती म्हणाली, "मग तुमीच चला की."

गेले. पावसाळा सरून माळ वाळायला लागला होता. कुसळी गवत, मुरूम, अधूनमधून तरवडाची झुडपं. तिच्या वडिलांची मेंढरं चरत होती, नाकं खाली खुपसून एकमेकांना चिकटून उभी. मुलगी म्हणाली, नाकात अळ्या सोडणारी माशी आली की अशी करतात. ती माशी अंडी घालत नाही, उडता उडता जिवंत अळ्याच मेंढीच्या नाकपुडीत फवारते, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होते. आम्ही दोघी सबंध दिवस वाकून वाकून खडे बघत होतो. दगडांचे खडे लाखो आणि आपला खडा एकच. उन्हं कलली तेव्हा पोरीनं ओंजळ झाकून माझ्यापुढं धरली. नर होता. मादीच्या निम्म्या आकाराचा. मी त्या माळावर चक्क खाली बसले. मला इतका आनंद माझ्या नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता.

तिचे वडील काठीला टेकून आमचा तमाशा बघत होते. म्हणाले, "आवं मॅडम, ह्याचं काय करणार?"

मी म्हटलं, हा जर जगाला माहीत नसलेला निघाला तर त्याला नाव द्यायचं. आणि नाव देताना तुमच्या माळाचं नाव त्यात घालता येतं.

त्यांना ते आधी खरं वाटेना. मग त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्या माळाला एक जुनं नाव होतं, त्यांच्या आज्यापणज्यांनी ठेवलेलं. मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे लोक परत येताना त्याच नावानं त्याची वाट बघायचे. म्हणाले, "मग ते करा. आमचं नाव कशाला, माळाचं घाला." त्या दिवसापासून ती पोरगी आणि तिचा बाप त्या एका नावाची वाट बघायला लागले, आणि खरं सांगायचं तर मीही.

परराज्यात टोळांचे एक जाणकार होते, त्यांना मी फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं की हे नवंच दिसतंय, पण त्या सगळ्या गटाचंच काम त्यांच्याकडं पडलेलं आहे, क्रम लागला की सांगतो. टपालानं पाठवू नका, पाय तुटतील, सांगेन तेव्हा हातानं आणा. ठीक आहे म्हटलं. शास्त्रात घाई चालत नाही. नर आणि मादी दोघांना एका छोट्या काचझाकणाच्या पेटीत ठेवलं आणि ती पेटी कपाटाच्या मधल्या कप्प्यात. ती पेटी मी कुणाला हात लावू द्यायची नाही. दर काही महिन्यांनी डांबरगोळ्या बदलायची. मेलेल्या किड्यांचा सगळ्यांत मोठा वैरी जिवंत किडा असतो. एक भुंगेरा आहे, ज्वारीच्या दाण्याहून लहान, गोल, अंगावर पांढरे-तपकिरी ठिपके. बाहेर असतो तेव्हा बिचारा फुलांतला पराग खातो. पण अंडी घालायला घरात शिरतो, आणि त्याची केसाळ अळी लोकर खाते, पिसं खाते, वाळलेले किडे तर आवडीनं खाते. एक मादी शिरली की वर्षभरात पेटीचं पीठ.

आता इथं आमच्या मामांना आणलं पाहिजे. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. साधा, भला माणूस. त्यांच्या आयुष्यातला मोठा दिवस म्हणजे खंडेनवमी. शेतकरी विळे-खुरपी पुजतो, माझे वडील फौजेतला पट्टा आणि बूट पुजायचे, तसं मामा प्रयोगशाळेतली सगळी सूक्ष्मदर्शकं टेबलावर ओळीनं मांडून हळदकुंकू लावायचे. भिंगांना हळद लागायची, ती काढायला मला आठवडा लागायचा, पण मी काही बोलायची नाही. प्रत्येकाला झेंडूचा हार. माझी अट एकच होती, कपाटाला फूल लावायचं नाही.

का ते मी सांगितलं होतं. एकदा नाही, दरवर्षी सांगितलं होतं. झेंडूचं फूल पांढऱ्या कागदावर झटकून दाखवलं होतं, त्यातनं तो ठिपक्यांचा भुंगेरा चालत बाहेर आलेला पोरांनी बघितला होता. मामाही मागं उभे होते. मान डोलवत "व्हय व्हय" म्हणाले. आणि मग बाहेर जाताना पोरांना म्हणाले, "देवाच्या फुलानं कवा कुणाचं वाईट झालंय?" मी ऐकलं आणि हसले. पालथ्या घड्यावर पाणी, पण घडा आपला होता. माझ्या नजरेसमोर कपाटाला हार कधी चढला नाही.

निवृत्तीच्या वेळी मी विभागप्रमुखांना म्हटलं, ती एक छोटी पेटी मला नेऊ द्या. ते म्हणाले, "मॅडम, ती कॉलेजची मालमत्ता आहे." बरोबरच होतं. मी सूचना लिहून कपाटाच्या दारावर आतनं चिकटवल्या. डांबरगोळ्या. फूल नको, हार नको, खाऊ नको. प्रमुख म्हणाले, निश्चिंत राहा. हा शब्द कानावर पडला की माणसानं तिथनं उठूच नये हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दरम्यान माळावर पाणी आलं. योजनेचा कालवा आला, आणि ज्या तालुक्यानं उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली तिथं द्राक्षं आली. याबद्दल मी वाईट बोलणार नाही. उसाच्या गावात जन्मून, भरल्या विहिरीवर अंघोळ करून, दुसऱ्याच्या माळावर पाणी येऊ नये म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडात माती पडो. मुलीच्या वडिलांनी मेंढरं विकली, जेसीबी लावून माळ सपाट केला, तळ्यातली काळी माती आणून मुरमावर टाकली, लोखंडी अँगल रोवले, ठिबकच्या नळ्या अंथरल्या. शेजाऱ्यांनी तेच केलं. माळाला जुनं नाव होतं, आता त्याला गट नंबर आहे. पोरगी पुढं शिकली, एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागली. सुट्टी मिळेल तेव्हा राहिलेल्या माळांवर, ओढ्याकाठच्या तुकड्यांवर खडा शोधत फिरायची. जो उडत नाही तो कुठं जाणार? जिथं जन्मला तिथंच जमिनीत शेपटी खुपसून अंडी घालायची, आणि ती जमीन उलटी केली की संपलं. तिला परत एकही मिळाला नाही. फोनवर म्हणाली, "मॅडम, आता तुमच्या पेटीतला तेवढाच."

आणि मग त्या जाणकारांचा फोन आला. तुमच्या खड्याचा क्रम लागलाय, घेऊन या. पोरीनं दोघींची रेल्वेची तिकिटं काढली, शाळेत रजा टाकली. तिच्या वडिलांनी द्राक्षाची पेटी बांधून दिली, साहेबांना द्या म्हणून. कॉलेजात जाऊन पेटी ताब्यात घ्यायची आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. यावेळी प्रमुखांनी परवानगी दिली, कारण कॉलेजचं नाव छापून येणार होतं.

पोरीला घेऊन प्रयोगशाळेत शिरले आणि मला पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर वास नाही. डांबरगोळ्यांचा वास माझ्या नाकात घरच्या वासासारखा बसलेला आहे. तो नव्हता. त्याच्या जागी रूम फ्रेशनरचा मोगरा होता. कपाटाच्या कडीला वाळलेला झेंडूचा हार लटकत होता, मागच्या दसऱ्याचा. मी पुढं होऊन दार उघडलं. माझ्या सूचनांचा कागद जागेवर होता, चिकटपट्टीचे कोपरे सुद्धा शाबूत.

मधल्या कप्प्यातनं पेटी काढून मी टेबलावर ठेवली. झाकणाच्या काचेवर कुंकवाचं बोट. आत दोन टाचण्या उभ्या. टाचण्यांच्या तळाशी भुश्शासारखं तपकिरी पीठ, अळ्यांनी टाकलेल्या केसाळ कातींचा ढीग, आणि एका बाजूला मागचा एक पाय. टाचण्यांखालचे चिटोरे स्वच्छ. माळाचं नाव, तारीख, पोरीचं नाव, तिच्याच अक्षरात. आणि पेटीच्या कोपऱ्यात झेंडूची तीन वाळकी फुलं.

मामा मागं उभे होते. त्यांना आनंद झाला होता मला बघून. पेटीत वाकून बघत म्हणाले, "मॅडम, ह्या पेटीवर तुमचा लय जीव हुता ना. तुमच्या हातनं पूजा ऱ्हाऊन जायाची. मला वाईट वाटायचं. म्हणून तुमी गेल्यापास्नं मीच दर खंडेनवमीला झाकण काढून आत एक फूल ठेवतो. एक वरीस चुकवलं न्हाई."

पोरीचा चेहरा मी बघितला. तिला कळलं होतं. ती काहीतरी बोलणार होती, तिचे ओठ उघडले होते. मी तिचा हात दाबून धरला, इतका जोरात की नंतर तिच्या मनगटावर माझी नखं दिसत होती. मामा तसेच आशेनं बघत उभे. मला त्यांचा राग यावा म्हणून मी वाट बघितली. आला नाही. त्या कपाटातल्या एवढ्या पेट्यांतनं माझा जीव कुठल्या पेटीत आहे हे सगळ्या कॉलेजात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्यानंच ती मारली. याला काय म्हणायचं ते मला अजून कळत नाही. मी म्हटलं, "कीड लागली, मामा. जुनी पेटी होती."

राग प्रमुखांवर काढला, आणि तो जागच्या जागी होता. मी विचारलं, सर, डांबरगोळ्या कुठं आहेत? म्हणाले, तपासणी समिती येणार होती, वास बरा वाटत नव्हता, म्हणून काढल्या. मी विचारलं, हार कुणी घालायला सांगितला? म्हणाले, फोटोत कपाट छान दिसतं, अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो आहे. मी विचारलं, कपाट शेवटचं कधी उघडलं? त्यांनी टेबलावरचा अहवाल उगाच सरळ केला. मग म्हणाले, "मॅडम, शेवटी किडेच ते. नैसर्गिक आहे." मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही, माझ्या वडिलांच्या पलटणीत शोभलं असतं. मी कागद लिहिला, त्याला चिकटपट्टी लावली, यांनी त्याच कपाटाला हार घातला, आणि एवढ्या शिकलेल्या माणसांतनं एकालाही झाकण उचलून आत बघावंसं वाटलं नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तेही आरती ओवाळून.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी किलोभर डांबरगोळ्या मागवल्या. बैल गेला आणि झोपा केला.

बाकीच्या पेट्यांतलं निम्मं वाचलं होतं. मी म्हटलं, हे मी घरी नेते. यावर नवीनच भानगड निघाली. पेट्या नेता येणार नाहीत, कारण त्या डेड स्टॉकला, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या वहीत, लावलेल्या आहेत, लाकडी पेटी, काचेसह. किडे मात्र नेता येतील, कारण किडे कुठंच लिहिलेले नाहीत. सगळ्या पोरांनी दिवाळीच्या सुट्ट्या घालून जे जमवलं त्याची कॉलेजच्या लेखी नोंद नाही, आणि सुताराच्या पेट्या मालमत्ता. मी वाद घातला नाही. चपलांच्या खोक्यांत थर्माकोल घालून एकेक टाचणी हलवली आणि रिक्षानं घरी आणली. अळ्या थंडीनं मरतात, म्हणून खोकी प्लास्टिकमध्ये बांधून फ्रीजरमध्ये ठेवली. आता आमच्या घरी मटारच्या शेजारी चतुर आहेत. कुणी पाहुणा बर्फ काढायला गेला की ओरडतो, मी सांगायचं सोडून दिलंय.

त्या जाणकारांना फोन पोरीनंच केला. ते म्हणाले, एका पायावर जात ठरवता येत नाही. पाय जपून ठेवा, पुन्हा कधी नर सापडला तर जुळवून बघू. त्यांचा आवाज चांगला होता, पण पुढच्या गटाच्या कामाला लागलेल्या माणसाचा होता.

द्राक्षाची पेटी परत द्यायला आम्ही दोघी तिच्या वडिलांकडं गेलो. ते बागेत फवारणी उरकून हातपाय धूत होते. पोरीनं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशानं खाल्लं?"

"किड्यानं," ती म्हणाली.

"किड्याला किड्यानं खाल्लं व्हय." ते थोडं हसले, मग थांबले. टॉवेलनं तोंड पुसलं. "मग औषध न्हवतं मारलं?"

जन्मभर ज्या प्रश्नाचा मला तिटकारा आला तो प्रश्न त्यांनी विचारला आणि पहिल्यांदा त्याला माझ्याकडं धड उत्तर होतं. नव्हतं मारलं. जिथं मारायचं तिथं एकानंही मारलं नाही, आणि जिथं नको तिथं सगळ्यांनी टाक्याच्या टाक्या रिकाम्या केल्या. मी ते बोलले नाही. त्यांच्या पायाशी फवारणीचा पंप होता आणि त्यांच्या बागेवर पोरीचं लग्न व्हायचं होतं.

ते उठून वेलींच्या ओळीत थोडं आत गेले, परत आले. म्हणाले, "हितंच कुठंतरी बसला हुता तो. तुमी खाली बसला हुता बघा, त्या अँगलपशी." मग लगेच चहाचं विचारलं. पोरगी गोठ्यामागं जाऊन रडली. मी रडले नाही, मला रडण्याचीही चीड येत होती. बसनं सांगलीला परत येताना मी तो पाय कापसात गुंडाळून पर्समध्ये ठेवला होता, चिटोऱ्यासकट. कुठं, कधी, कुणी, सगळं बरोबर लिहिलेलं. फक्त काय, तेवढं गेलं.

मामांना मी काही सांगितलं नाही. पोरीनंही नाही. तिला ते पटलं नाही, ती मला म्हणाली की सांगायला पाहिजे, न्हाईतर ते परत ठेवतील. मी म्हटलं, आता ठेवू देत. पेट्या रिकाम्याच आहेत. यावर ती माझ्याशी बरेच दिवस नीट बोलली नाही.

परवा मामांचा फोन आला. त्यांची ही शेवटची खंडेनवमी, पुढच्या वर्षी तेही निवृत्त होतायत. मागं सूक्ष्मदर्शकं मांडल्याचा आवाज येत होता, कुणीतरी उदबत्ती शोधत होतं. म्हणाले, "मॅडम, कपाट पुसून लख्ख केलंय. सायबांनी नव्या डांबरगोळ्या टाकल्यात पेट्यांत. तुमच्या त्या पेटीत यंदा फूल ठेवू न्हवं?"

मी म्हटलं, "ठेवा मामा. आता खुशाल ठेवा."